नुसता आकडा तर टाकायचाय!

नाही, तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं? एका मित्राचं भलं करायला गेलो, आणि ज्याच्या त्याच्या तोंडात एकच वाक्य, "नुसता आकडा तर टाकायचाय!" नुसता! अहो, हा 'नुसता' शब्द ज्यानं काढला ना, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा, पुढचं मी बघतो!

तुम्हाला सांगतो, आमचा चंदर. चौक गावाला हायवेवर त्याचं गॅरेज. मी कर्जतचा, टेलिफोन खात्यात. दोघांना खूळ एकच, हॅम रेडिओचं. म्हणजे रीतसर परीक्षा द्यायची, सरकारी लायसन काढायचं, सेट स्वतः जोडायचा आणि घरात बसून हवेतून लोकांशी गप्पा मारायच्या... आमची बायको मैना म्हणते, "घरातल्या बाईशी दोन शब्द बोलत नाय, आन् हवेशी बोलतात!" बोलतो! रोज सकाळी आमची मैफल जमते, कुणी नेरळचा, कुणी साताऱ्याचा, कुणी पार नागपूरचा, आणि चंदर नसला की सगळं कसं आळणी.

तर ह्या चंदरचे डोळे गेले. काचबिंदू. गॅरेज पोरगा बघायला लागला, आणि हा एक दिवस मला म्हणतो, "कान्हा, सेट इकून टाकतो रं. डायलवरचा काटा दिसत नाय. हात लागला का कुठल्या कुठं जातो, मंग तुमी समदे घावत नाय." डोळे गेले ते गेले, आता ह्याची माणसंही जाणार? म्हटलं, खबरदार विकलास तर! मी कॉम्प्युटर लावतो!

आता हे साल सत्त्याऐंशी. कॉम्प्युटर म्हणजे मेव्हण्यानं मस्कतहून आणलेला वहीएवढा डबा. नुसती बटणंच बटणं, पडदा म्हणून घरचाच टीव्ही जोडायचा, आणि प्रोग्रॅम कॅसेटवर! कॅसेट लावली की अशी किंचाळायची की शेजारची धोंडूबाई विचारायची, "कुनाला मारताव रं?" पण बेत साधा होता. चंदरनं आकडा दाबायचा, कॉम्प्युटर मोटर फिरवणार, मोटर डायल फिरवणार, सेट बरोबर जागेवर. बोटांना बटण कळावं म्हणून पाचावर कोलम तांदळाचा दाणासुद्धा चिकटवला! मैना म्हणाली, "त्यात काय येवढं? नुसता आकडा तर टाकायचाय!"

नुसता...! आमची मैफल भरते सात हजार पन्नास किलोहर्ट्झवर. तेच मेगाहर्ट्झमध्ये म्हटलं तर सात पॉइंट झिरो पाच. माझ्या प्रोग्रॅमला हवं मेगाहर्ट्झ. आणि चंदरनं, जन्मभराच्या सवयीनं, दाबलं सात-शून्य-पाच-शून्य. झालं! कॉम्प्युटरला काय अक्कल? त्याला वाटलं, सात हजार पन्नास मेगाहर्ट्झ! मोटर निघाली... काटा डायलच्या टोकाला गेला, तरी मोटर फिरतेय, मी ओरडतोय "बंद कर, बंद कर", चंदर ओरडतोय "कंचं बटन रं, कंचं?", डायलची दोरी ताणली, ताणली आणि फट्! काटा उडाला तो थेट विठाबाईच्या सुकटीच्या ताटात. विठाबाई म्हणजे चंदरची बायको. तिनं काटा दोन बोटांत उचलला आणि म्हणाली, "भावजी, आकडाच टाकायचा हुता ना नुसता?"

बरं, दोरी बदलली, किलोहर्ट्झ केलं. मग मला अवदसा आठवली, मी मैफलीत सल्ला विचारला. हॅम माणसाला सल्ला विचारणं म्हणजे गांधीलमाशीच्या पोळ्यात हात! नेरळचे निवृत्त स्टेशनमास्तर, "हे पाहा, आधी बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, विचारा. मगच आकडा. शिस्त हवी." साताऱ्याचा पाटील, "आवो, कालचा आकडा ध्यानात ठिवा की! रोज रोज काय इचारायचं?" नागपूरचा डॉक्टर, "अबे, चुकलं तर? 'नक्की ना?' असं विचारलं पायजे ना बे!" मी कुणाचं मन मोडतो का? घातलं सगळं! बँड कोणता, कालचाच का, नवा का, नक्की का, एकदम नक्की का... चंदर वैतागला. "मी काय रेशनच्या लायनीत हाय का रं?"

पण खरी फजिती पुढंच. चंदरला पडदा दिसत नाही, मग कोणतं बटण दाबलं ते कळावं कसं? मी डोकं लढवलं. जेवढा आकडा, तेवढ्या वेळा टिट! सात दाबलं, सात टिट. पाच दाबलं, पाच टिट. काय कल्पना! मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली. चंदरनं सात दाबलं. सात टिट. त्याचा चेहरा खुलला. मग शून्य दाबलं. आता शून्याला टिट किती? शून्य! सगळं चिडीचूप. चंदर वाट बघतोय... "वाजलं नाय रं." परत दाबलं. "आजून नाय वाजलं." परत! तिकडं पडद्यावर सातावर शून्यं चढत चाललीत, आणि हा त्या बटणावर असा अंगठा रोवतोय जसं पंक्चर दाबून धरलंय!

आणि तेव्हा माझं टाळकं सरकलं. इतक्या संध्याकाळी घालवल्या, मेव्हण्याशी भांडलो, घरातला टीव्ही उचलून नेला म्हणून मैनेनं अबोला धरला... मी ओरडलो, "चंदर, लेका, तुला जायचंय तरी कुठं कुठं? कोणकोणते आकडे लागतात तुला?"

तो शांतपणे म्हणाला, "येकच."

"एकच?"

"सात हजार पन्नास. मी दुसरीकडं कशाला जाऊ? तुमी समदे हितंच असता ना."

मी तसाच खाली बसलो. अहो, एकाच जागेवर राहायचं असेल तर बोटाच्या पेराएवढं एक क्रिस्टल मिळतं. सेटमध्ये बसवलं की झालं! डायल नको, काटा नको, मोटर नको, आकडाच नको, सेट जन्मभर तिथून हलत नाही! म्हटलं, "आधी का नाही बोललास?" म्हणतो, "तू इचारलंस कवा? तू किती हौसेनं करत हुतास... म्हनलं, करू दे."

क्रिस्टल बसवलं. एका दुपारचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी हवेत चंदरचा आवाज खणखणीत आला!

पण त्या दिवसापासून हा बाबा हलतच नाही हो! सगळ्यांच्या आधी हजर, सगळ्यांच्या नंतर जाणार, गॅरेजच्या गोष्टी, गुडघ्याचं दुखणं, विठाबाईच्या तक्रारी... दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला मिळेल तर शपथ! कालच स्टेशनमास्तर हळूच मला म्हणाले, "कान्होबा, तो तुमचा आकड्यांचा प्रोग्रॅम बसवा हो त्याला... तासभर तरी दुसरीकडे कुठे जाईल!"

बसलोय परत प्रोग्रॅम लिहायला.