चौकटीत न मावलेलं नाव

बसा मंडळी. मागच्यांनीही बसून घ्या. कीर्तनाचा सातवा दिवस आहे, घसा बसलाय, आज माझा आवाज काही चढायचा नाही. तर ऐका, एकच प्रश्न विचारतो — नाव आधी कुणी ऐकावं? ज्याचं आहे त्यानं, की गावानं?

हसू नका. बारशात आपण काय करतो? आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते, बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात — ह्या पुढच्या मावशी जोरात घालत असणार, हात सांगतोय! — आणि मग जगाला नाव कळतं. आधी कान, मग गाव.

आता एक गृहस्थ घ्या. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्याला मुलगी झाली. थोरली बहीण वेणूअक्का, बार्शीला दिलेली. आई लवकर गेली, अक्कानंच त्याला वाढवलेला. त्यानं फोन केला, "अक्का, नाव तू ठेवायचं. तुझा मान."

अक्का म्हणाली, "आईचं ठेवू. अन्नपूर्णा."

दोघंही फोनवर रडले. गोष्ट इथंच संपली असती तर मीही लवकर घरी गेलो असतो.

पण गृहस्थाला हौस! मोबाईलवर ती साइट असते ना — नाव टाका, सोनेरी अक्षरं निवडा, मोरपीस लावा, चमचम सोडा. तीन दिवस बसला. एक बदामाची चौकट त्याला फार आवडली, भोवती गुलाब. पण त्यात अन्नपूर्णा मावेना. अक्षरं बारीक केली, तर मुंग्या दिसायला लागल्या. मोठी केली, तर अर्धं नाव गुलाबात गेलं.

बायको म्हणाली, "अहो, दुसरी चौकट घ्या की."

"हीच छान दिसते. नावच जरा आटोपशीर करू. अन्वी. आजकालचं आहे."

"आणि वन्सं?"

"अक्काला मी सांगतो. ती कुठं रागावते?"

चौकटीसाठी पोरीचं नाव बदललं, मंडळी! आणि अक्काला सांगितलं का? नाही. बारशाच्या सकाळी स्टेटसला टाकून मोकळा झाला.

अक्का तेव्हा एसटीत होती. मांडीवर पिशवी. फोन उघडला, तर बदामात अन्वी. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तरी अन्वीच.

बारशाला बायका म्हणाल्या, "सांगा आत्याबाई, आम्हाला तर सकाळीच कळलंय!" अक्का वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग अन्वी असंच सांगितलं तिनं, कारण चारचौघांत भावाचं हसं कशाला करायचं. धपाटे पडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तर बायकांना वाटलं, धपाटा लागला.

निघताना अक्काच्या पिशवीत साडी ठेवावी म्हणून बायकोनं पिशवी उघडली. तळाशी लाल खणाची कुंची. काठावर रेशमानं भरलेलं — अन्नपूर्णा. समोरच्या काठावर नाव मावलं नव्हतं, म्हणून अक्कानं ओळ वळवून मानेकडे नेली होती.

भाऊ म्हणाला, "अक्का, ही दिली का नाहीस?"

"दुसऱ्याच्या नावाची कुंची लेकराला कशी घालू रे? राहू दे. उसवून पाठवते."

महिन्यानं कुंची आली. रेशीम निघालं, पण सुईची भोकं कुठं जातात? उजेडात धरली की नाव वाचता येतं. मी वाचलंय. आठ वर्षं झाली, अजून वाचतो. हो मंडळी, तो गृहस्थ मीच. अक्का एका शब्दानं रागावली नाही, त्याचंच फार लागतं.

म्हणून मी शहाणपण सांगणार नाही, चुकलेला माणूस आहे. नुसतं विचारतो. रोज सकाळी तुम्ही मला मोबाईलवर पांडुरंग पाठवता, कुणी गुलाबात, कुणी चमचमणारा. पाठवण्याआधी तोंडानं कितीजणांनी घेतला? ज्याचं नाव, त्याच्या कानी गेलं का? का आपल्या सवडीची चौकट आधी आखली, आणि त्यात मावेल एवढंच नाव ठेवलं? अक्काला काठ पुरला नाही, तर तिनं ओळ वळवली हो. नाव नाही कापलं.

टाळ खाली ठेवा आता. मोबाईल पालथे घाला. डोळे मिटा आणि त्याचं नाव एकदा घ्या, शेजाऱ्यालाही ऐकू जाऊ नये इतकं हळू. घ्या सावकाश. मी थांबतो.