कडबाकुट्टीची चाकं आणि परत आलेले तीन मेल

दि. ११/०२/२०२५

नाव जालिंदर सहादेव भिंगारदिवे, वय ५४, धंदा ओतकाम, रा. नागापूर, ता. व जि. अहिल्यानगर.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, एमआयडीसीत माझी ओतशाळा आहे. शिक्षण नववी नापास. कडबाकुट्टीची, म्हणजे वैरण कापायच्या मशीनची, बिडाची चाके ओतून मी ती मशीन बनवणाऱ्या एका कंपनीला पुरवतो. मी विनापरवाना आत शिरून माल फोडला, असा कंपनीचा अर्ज मला वाचून दाखवला. शिरलो हे खरे आहे. फोडला हेही खरे आहे.

प्रत्येक चाक मी हातोडीने ठोकून ऐकतो. चांगले चाक घंटेसारखे वाजते, चिरलेले भद्द करते. असे चाक फिरताना फुटले तर वैरण घालणारा माणूस वाचत नाही. काल मी राहात्याला लग्नाला गेलो. कामगारांनी चाळीस चाके न ठोकता पाठवली. ही चूक माझी, कबूल.

आज दुपारी २ वा. परत येऊन त्याच ओतातली उरलेली सहा ठोकली. दोन भद्द वाजली. लगेच कंपनीच्या खरेदी विभागातील माधुरी मॅडमना फोन करून चाके बसवू नका म्हणालो. त्या म्हणाल्या, "भिंगारदिवे, माल थांबवायला मेल लागतो. तोंडी चालत नाही." मेल केला. मिनिटात परत आला. माझा पत्ता म्हणे काळ्या यादीत.

कंपनीचे कॉम्प्युटर अधिकारी तुषार यांना फोनवर विचारले. त्यांनी सांगितले ते असे. आमच्या गाळ्यांची इंटरनेटची लाईन एकच आहे. त्यावरून कोणीतरी जाहिराती सोडल्या, म्हणून सगळ्यांचे मेल बंद. मी म्हणालो, "आळीत एकाने शेण खाल्लं, म्हणून सगळ्या आळीची तोंडं बांधायची?"

"काका, नियम आहे. यादीतून नाव काढायला अर्ज करा."

"कुठं?"

"मेलवर."

मुलगी रश्मी हिच्या मोबाईलवरून पुन्हा मेल केला. विषयात 'अत्यंत तातडीचे' लिहिले, म्हणून तो फसवणुकीचा ठरला. तातडी काढली, तर अनोळखी म्हणून परत. त्या यंत्रणेपेक्षा माझ्या फाटकातले कुत्रे शहाणे. ते ओळखीच्या माणसावर भुंकत नाही.

३ वा. कंपनीच्या गेटवर गेलो. वॉचमन भीमा म्हणाला, "मालक, तुमाला रोज बघतो, पन पासचा मेल आल्याबिगर सोडता येत न्हाई." मी म्हणालो, "व्हय, तुझं बरोबर हाय," आणि आत चाललेल्या टेम्पोत मागे बसलो. चाके ठोकली. सात भद्द निघाली, ती घणाने फोडली, म्हणजे कोणी बसवायला नको. बदली देतो.

मोजली तर एकोणचाळीस भरली. चाळिसावे सकाळीच मशीनला बसवून तिसगावच्या गिऱ्हाइकाकडे पोहोच झाले आहे. ते चांगले की चिरलेले, हे ठोकल्याशिवाय मला सांगता येणार नाही. गिऱ्हाइकाचा नंबर फक्त कंपनीकडे आहे. तुषार साहेब बाहेर बाकड्यावर बसले आहेत. पोलिसांनी मेल करावा, मग नंबर देऊ म्हणतात.

आत्ता साडेचार झाले. पाचला जनावरांची वैरण कापायला घेतात. माझ्यावर काय करायचे ते सावकाश करा. आधी त्यांना आत बोलवा आणि नंबर तोंडाने सांगायला लावा.

वरील मजकूर टाईप करून मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. वाचून होईपर्यंत १६.४८ झाले.

समक्ष सही