आईच्या पिंपावरचा आकाशातला दगड

नाही पण मी म्हणतो, द्यायचाच कशाला? माझीच अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय! दगडांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई बेलग्रेडहून आल्या, गोड बोलल्या, "तिहोमीरकाका, ही उल्का आहे, हिच्यात परग्रहावरचे सूक्ष्मजीव असू शकतील," आणि मी दिला की हो उचलून! अहो, साधा कोबीवरचा दगड हो!

म्हणजे पडला होता आकाशातूनच, ते खोटं नाही. आजोबांच्या प्लमच्या बागेत, डुकरीण व्याली त्याच दिवशी. सगळा गाव दगड बघायला आला, आजोबा मात्र पिल्लं दाखवत फिरले! पुढे आई सून म्हणून आली, तिने दगड उचलला, घासला आणि थेट मिठाच्या पाण्यात आंबवायच्या कोबीच्या पिंपात, वर वजन म्हणून ठेवला. आता पिंपात दगड नसला तर कोबी वर येतो, हवा लागते, नासतो, हे काय मी तुम्हाला सांगायचं? बाकीच्या बायका नदीतला दगड घ्यायच्या. आई म्हणायची, "नदीतल्या दगडाला कुणाकुणाचे पाय लागलेले. हा वरून आलाय, याला कुणाचा पाय नाही." साबण लावू द्यायची नाही, जुन्याच आंबट पाण्यानं विसळायची. शेजारीण पिंपाजवळ फिरकली तरी, "हात मागे!"

आणि तुम्हाला सांगतो, ऐन थंडीत ती बाही कोपरापर्यंत सारून त्या गार पाण्यात हात घालायची, दगड बाजूला, एक पान वर, हात लालबुंद, आणि मला म्हणायची, "चाख रे." ती चव... जाऊ दे. आई गेली, पण चव राहिली होती. आमच्या घराण्याच्या संताच्या सणाला पाहुणे सारमा, म्हणजे त्या कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, खायचे आणि पातेल्याकडे बघत बसायचे, आणखी आहे का म्हणून!

तर उन्हाळ्यात पिंप रिकामं, दगड ओसरीवर, तेव्हा बाई आल्या. "पडला कुठे होता?" बागेत. "मग इतकी वर्षं कुठे होता?" घरातच. खोटं बोललो का मी? "सणाच्या आधी परत द्या" एवढंच म्हटलं. दिला.

शरदात बाईंचा फोन! "काका, दगडातले जीव जिवंत आहेत! वाढतायत!" गावभर राकिया, आमची प्लमची दारू, वाटली मी. आमची बायको वुकोसावा म्हणाली, "म्हणजे परग्रहावरचे पाहुणे आपल्या पिंपात राहत होते, आणि एकदा तरी भांडी घासली का मेल्यांनी?"

मग पुन्हा फोन. आवाज अगदी खाली. "काका... तुम्ही हा दगड कशासाठी वापरायचात का हो?"

"कोबीवर."



"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही का नाही विचारलंत?"

अहो, साधा कोबीवरचा दगड हो! त्यातले जीव कोबीतलेच असणार ना!

सणाच्या आधी दगड परत आला, दिला शब्द पाळला बिचारीनं. पण भट्टीत भाजून, निर्जंतुक करून, चकाचक! पिंपात ठेवला. कोबी आंबला, पण कसा, तर सरकारी कचेरीतल्या चहासारखा. पाहुणे सारमा खाऊन म्हणाले, "छान आहे." छान! पातेल्याकडे एकानं बघितलं नाही. वुकोसावा स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि मी राकियाची बाटली उगाच पुसत बसलो.

शेवटी गेलो दोघं बेलग्रेडला. बाईंनी फ्रीजमधून काचेची एक बशी काढली, दगडावरचे जीव तिच्यात वाढवून ठेवलेले, झाकण जरासं उचललं... आणि आई! अहो, तोच वास! बाही सारलेली, हात लाल, "चाख रे." मला हुंदकाच फुटला. म्हटलं, बाई, चमचाभर द्या, पिंपात सोडतो. "नियम आहे काका, बाहेर नेता येत नाही."

तेवढ्यात वुकोसावानं चष्मा लावून बशीवरची चिठ्ठी वाचली, मोठ्यानं: "बाहेरून लागलेली घाण."

घाण! जिनं जन्मभर शेजारणीचा हात लागू दिला नाही, तिची ही... भांडणार होतो मी, खरंच. पण बघितलं, बाई बशी अगदी जपून, दोन्ही हातांनी आत ठेवत होत्या. आई ठेवायची तशी.

निघताना एवढंच म्हटलं, "झाकण घट्ट लावा हो. आणि वर वजन ठेवा काहीतरी... साधा दगड चालेल."