खालच्या ओळी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सासूबाईंचा मोतीबिंदू त्या दिवशी काढायचा होता.

"पट्टी सुटली की ती जपानी मालिका पहिल्या भागापासून बघणार. खालच्या भाषांतराच्या ओळी माझ्या मी वाचणार."

"पहिल्यापासून कशाला, आई? मी वाचून दाखवलंय की सगळं."

"म्हणूनच."

"त्या ओळी भर्रकन जातात हो."

"ती सासू सुनेला म्हणते ना, 'तू दमलीस, आज स्वयंपाक मी करते', ते मला वाचायचंच आहे."

"ते एवढं काही खास नाहीये."

"हे म्हणताना तिनं बशी आपटली होती. आवाज आला मला."

"त्यांच्याकडे प्रेमानं आपटतात."

"आणि सून रडली ती?"

"आनंदानं."

"दुसऱ्या दिवशी मी तुला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि भाजी केली. आठवतंय?"

"आठवतंय."

"खारट झाली होती."

"नाही हो, आई!"

"बघ, हेही तसंच वाचतेस."

सिस्टरनं आतून हाक मारली.

"हा चष्मा धर. आणि ऐक, मालिका तूच वाचायची."

"अहो, पण डोळे तर बरे होणार ना?"

"होतील गं. पण ती सासू आत्ता कुठे सुधारतेय, तिला मध्येच बिघडवू नकोस."