लिंबाच्या बुंध्यावरचा शेंदूर

मंडळी, आज नुसतं ऐका! खांबाला टेकलेले काका, तुम्हीसुद्धा — डोळे उघडा. प्रश्न एकच. आपण केलेलं वाईट दुसऱ्याच्या माथी गेलं, आणि आपण फक्त गप्प बसलो... तर नुसतं गप्प बसणं हेही पाप का हो?

परभणीकडचं एक तालुक्याचं गाव. तिथल्या बाजारपेठेत माणिकशेठ कासाराचं बांगड्यांचं दुकान. दारात कडुलिंब — हा एवढा! त्या सावलीत गयाबाई फुलं विकायची. संध्याकाळी फुलांवर शिंपडून उरलंसुरलं पाणी बुंध्याला घालायची.

शेठनं नवी पाटी केली. लाल अक्षरं, झोकदार! पण लिंबाआड दिसेना. मग? सोमवारी पेठ बंद. भरदुपारी शेठनं बुंध्याला गिरमिटानं भोक पाडलं, आत तेजाब ओतलं, चिखलानं बुजवलं — आणि वर शेंदूर फासला. शेंदराला कोण हात लावतंय?

दुसऱ्या दिवसापासून गयाबाई पहिलं फूल त्या शेंदरावर ठेवायला लागली!

दोन महिन्यांत लिंब वाळला. पाटी लांबून दिसायला लागली, पण बघणार कोण? त्या उन्हात बाया थांबेनात. बायपासच्या गारेगार दुकानाकडं वळल्या. पेठ ओस पडली. कुणीतरी म्हणालं, फुलांच्या कुजक्या पाण्यानं झाड मेलं. झालं! सगळे तेच म्हणायला लागले.

गयाबाई शेठच्या पायरीशी आली. "शेठ, माझ्या हातनं पाप झालं. तुमची सावली गेली."

शेठ बांगड्या पुसत राहिला.

म्हातारी नळाचं चांगलं पाणी आणून त्या वाळक्या खोडाला घालायची, मंडळी. त्याच उन्हाळ्यात ऊन लागून गेली.

पुढं चार वर्षांनी नगरपालिका जागी झाली — होते कधीकधी, हसू नका! गाड्या पेठेबाहेर, दोन्ही बाजूंना झाडं, पावसाचं पाणी मुरायला खड्डे, बसायला बाकडी. इंजिनिअर बाई लिंबाचं रोप घेऊन शेठच्या दारात आल्या. "काका, इथला लिंब कशानं गेला?"

शेठनं तोंड उघडलं. तेवढ्यात गयाबाईची लेक द्वारका उठली. आईच्याच जागी, आईचीच टोपली घेऊन बसायची ती.

"माझ्या आईच्या पाण्यानं गेला. मी तिकडं टोकाला बसते. ह्याला तरी जगू द्या."

शेठनं तोंड मिटलं.

नवा लिंब जगला, दोन-तीन वर्षांत सावली धरली! पेठ पुन्हा भरली. बाया सावलीत टेकतात, हातभर बांगड्या भरतात. शेठ रोज सकाळी त्याला स्वतः पाणी घालतो. आणि द्वारका? पेठेच्या टोकाला, जिथं झाडं संपतात तिथं, पदर डोक्यावर ओढून उन्हात. शेठ घरी जाताना तिच्याकडनं रोज एक गजरा घेतो. पैसे टोपलीत ठेवतो, चालू लागतो.

शेठला नावं ठेवणं सोपं आहे, मंडळी. शेंदूर फासून झाकलेलं काहीतरी तुमच्याकडं आहे, माझ्याकडंही आहे. पण खरं सांगा — "ह्याला तरी जगू द्या" म्हणत ती पोर टोपली उचलत होती, आणि शेठच्या जागी तुम्ही उभे होता... तुम्ही काय केलं असतं?