तेरा नंबरचा कठडा

थेस्सालोनिकीच्या बसमध्ये अकरा प्रवासी होते: सात बसलेले, चार उभे. पालिकेची तपासनीस रोडान्थी बसली होती, पिशवीत मोजपट्टी घेऊन. पुढच्या बाकावर वास्तुकार स्टॅमॅटिस आणि त्यांची सहायक आर्गिरो.

"साहेब, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा कठडा कोणत्या तपशील-चित्राप्रमाणे बांधायचा, ते सांगणाऱ्या नकाशातल्या गोलात तेराऐवजी चौदा कुणी लिहिलं?"

"मी. तेरा आकडा अशुभ. माझ्या नकाशात चालत नाही."

"अहो, तपशील-चित्राचाच मूळ नंबर बदलला असता, तर संगणकाने सगळीकडे आपोआप बदलला असता. तुम्ही गोलातला तेवढा पुसून वर हाताने टाइप केलात."

"दिसायला तर छान दिसतो!"

"फारच छान! चौदा नंबरचा तपशील कशाचा आहे, ठाऊक आहे?"

"कशाचा?"

"अंगणातल्या फुलांच्या वाफ्याच्या कडेचा."

"मग गवंड्याला अक्कल नको? तिसऱ्या मजल्यावर वाफा?"

"त्याने फोन केला होता. तुम्ही म्हणालात, नकाशात आहे तसं बांध, डोकं चालवू नकोस."

"ईस्टरला चार कुटुंबं राहायला येणार आहेत गं!"

"येऊ देत की. कठड्याऐवजी तुळस लावतील."

"तपासनीस कोण आहे?"

"कुणी बाई आहे म्हणे."

"मग झालं! कॉफी पाजू, गप्पा मारू. वर चढणारच नाही ती."

तिघंही एकाच थांब्यावर उतरली. रोडान्थीने कॉफी नको म्हटलं, तिसरा मजला चढली आणि मोजपट्टी लावली.

कठड्याची उंची: नियमाने एकशे दहा सेंटिमीटर, प्रत्यक्षात बावीस.