वेताच्या पाळण्याची शेवटची गाठ

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा — देवाला आपल्याकडून हवं तरी काय असतं? नारळ? हार? पेढे? अहो, ज्याचे पाय साक्षात लक्ष्मी चेपते, त्याला तुमच्या पावशेर पेढ्यांची काय अपूर्वाई! हसताय... पण पुडी हातात घट्टच! असू द्या. उत्तर मी देत नाही. उत्तर देईल एक पाळणेवाला.

कराडच्या अलीकडं, हमरस्त्याला, चिंचेखाली एक ताडपत्री. खाली वेताचे बसायचे मोढे, झोपाळे, टोपल्या आणि पाळणे! विणणारा निबारण दास. गाव पार आसामात, नदीकाठी. बायको वारलेली, एकुलती एक लेक झर्ना, ती तिकडंच दिलेली. आणि हा इकडं! पोटामागं माणूस कुठंकुठं जातो, बघा.

एके दिवशी सगुणामावशी जगदाळे आल्या नातीसाठी पाळणा घ्यायला. मावशींचा आवाज म्हणजे — माइक नको! पाळणा फिरवून बघितला आणि कडाडल्या, "अरे, हे टोक लोंबतंय! लेकरू खाली पडलं म्हंजे? अर्धा माल विकतोस व्हय रे?"

निबारण हात जोडून मोडक्या मराठीत म्हणाला, "अर्धा नाही, मावशी. आमच्या घराण्यात अशी रीत आहे. शेवटचा गाठ कारागीर मारत नाही. लेकरू ज्या घरात झोपणार, त्या घरात मारायचा. घरच्या मोठ्या माणसाने. वेत ओला करा, ओढा, बांधा. वाळला की दगड! मग सुटत नाही."

मावशी गप्प! जगदाळ्यांच्या घरात हे कुणाला जमलं नव्हतं हो! घरी गेल्या, वेत भिजवला, गाठ मारली, नात झोपवली. तेव्हापासून मावशींची रोजची फेरी चिंचेखाली. कधी भाकरी, कधी कांद्याची चटणी.

ताडपत्रीच्या आत एक पाळणा वेगळा टांगलेला. बारीक वीण, काठाला मासोळ्यांची नक्षी. गिऱ्हाईक बोट दाखवायचं, हा मान हलवायचा. तो झर्नासाठी. तिला दिवस गेले होते.

"मग जातोस कवा?" मावशींनी विचारलं.

"जाणार कसा? रस्त्याची जागा, मावशी. आपण उठला की दुसरा बसला. चार वर्षं अशीच गेली. पाळणा पार्सलने पाठवतो."

असं म्हणायचा, मंडळी, आणि पूर्वेकडं बघत राहायचा. तिकडं काय दिसणार? पेट्रोल पंप! पण ह्याला त्यापलीकडं नदी दिसायची.

आणि एका दुपारी फोन आला. त्या मासोळ्यांच्या पाळण्याचं शेवटचं टोक वळवायला भिजवून हातात, फोन खांद्यात धरलेला. पलीकडून झर्ना म्हणाली, "बाबा, आता येणार ना?"

तिकडं लेकीला लाडानं 'मा' म्हणतात बरं का — आई! हा म्हणाला, "मा, पाळणा येतोय. फार सुंदर झालाय. लवकर पोचेल."

ती मग म्हणाली, "बरं."

एवढंच. बरं! मंडळी, ह्या एका शब्दात किती पाणी असतं, हे ज्यांच्या लेकी लांब दिल्यात त्यांना विचारा!

फोन ठेवला, खाली बघतो तर — गाठ बसलेली! बोलता बोलता हातांनी मारून टाकलेली. झर्नाच्या घरात मारायची गाठ, इथं, ट्रकच्या धुरळ्यात! नखानं उकलतोय, दातानं ओढतोय... उन्हात वेत वाळला. दगड!

मावशी आल्या, तर हा डोकं धरून बसलेला. "माझ्या हाताला कळलं, मावशी. मी जाणार नाही, हे हाताला आधी कळलं."

"मग काप की गाठ!"

"कापला तर वीण सुटणार."

मावशी पदर खोचून समोर बसल्या. "मला एक सांग. तुझ्या गावाला वेत न्हाई का मिळत?"

निबारणनं डोकं वर केलं. "वेत? वेत तर तिकडूनच येतो, मावशी!"

"मग शहाण्या, हितनं पाळणा कशाला धाडतोस? तिथं जा. लेकीच्या दारात बसून वीण!"

"आणि जागा?"

"जागेवर मी बसते! बघू कोण उठवतंय!"

आणि बसल्या हो! छत्री घेऊन, रस्त्याकडेला! गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, टोक लोंबतंय," की कडाडायच्या, "गाठ तू मार! आई हाय का घरात? मग तिला मारू दे!" आणि तो मासोळ्यांचा पाळणा? तिथंच टांगलेला. मावशी त्यात डबा ठेवायच्या.

निबारण गेला. दोन रेल्वे, एक बस, शेवटी होडी. झर्ना ओट्यावर होती. बाप रिकाम्या हातांनी उतरला. पाळणा कुठाय, असं तिनं विचारलं नाही, मंडळी! त्याचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "किती खरखरीत झालेत, बाबा." मग तिच्या डोळ्यांपुढं त्यानं वेत सोलला, नदीच्या पाण्यात भिजवला. ती शेजारी बसून बघायची. मधेच हात लावायची — पाळण्याला नाही, बापाच्या पाठीला.

आता हसू नका, आता तुमची पाळी! आईला मिक्सर धाडता, बापाला स्वेटर धाडता, बहिणीला साडी धाडता. गाभाऱ्यात पेढे धाडता आणि स्वतः बाहेर चपला सांभाळत उभे! त्या सावळ्यानं तुमच्याकडं वस्तू मागितली कधी? तो नुसता विचारतो, येणार ना? आणि आपण काय सांगतो? पाळणा येतोय!

तो काही रागावत नाही हो. 'बरं' म्हणतो आणि वाट बघत राहतो.

प्रसाद घेतल्यावर कुणीकुणी खिशातून मोबाईल काढेल, गावी फोन लावायला. लावू नका, मंडळी.

जा.